‘चढवणे’ ह्या क्रियेचा इतिहास : युनिक्स-परंपरेतील डिस्क-जोडणी आणि तिची परिभाषा

एखाद्या सर्व्हरवरील साठवणीची जागा संपत आली म्हणजे त्याला आणखी एक डिस्क जोडावी लागते. लिनक्स-प्रणालीवर हे काम आज्ञांच्या ओळी टंकित करून करावयाचे असते आणि ते बहुधा पाचसहा आज्ञांत उरकते. त्यांतील निर्णायक आज्ञा ‘माउंट’ ही होय. ह्या इंग्रजी धातूचा अर्थ चढणे, चढवणे, आरूढ होणे असा आहे. परंतु आज ती आज्ञा देणारा मनुष्य कोठेही काहीही चढवत नाही. पुष्कळदा तो त्या डिस्कपासून शेकडो कोस दूर बसलेला असतो, आणि डिस्क म्हणून त्याच्या पदरी जी वस्तू पडते तिला हाताने उचलता येईल असे रूपही नसते. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचे गवत कापणारा व ‘प्रवीण’ म्हणजे वीणावादनात निपुण, ही अर्थविस्ताराची उदाहरणे आपण वर्गात नेहमी देतो. ‘माउंट’ हा शब्द त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की, त्याच्या अर्थपरिवर्तनाच्या पायऱ्या सालवारीने दाखवता येतात. असे भाग्य व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला क्वचितच लाभते.

डिस्कच्या इतिहासावर जे लिहिले जाते त्यात धारकतेच्या आकड्यांची चढती भाजणी असते. किती अक्षरे मावत होती व आता किती मावतात ह्यापलीकडे तो इतिहास सहसा जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या इतिहासाचा कणा निराळा आहे. साठवलेल्या वस्तूचे नाव आणि ती वस्तू जेथे ठेवली आहे ते स्थान, ह्या दोहोंची फारकत कशी होत गेली, हा खरा विषय होय. ‘माउंट’ ही त्या दोहोंना जोडणारी क्रिया आहे, आणि ही जोडणी चुकली तर संग्रह जागेवर असूनही हरवतो. भाषाविषयक विभागांना हा प्रश्न परका राहिलेला नाही. बोलीसर्वेक्षणात ध्वनिमुद्रण करताना सेकंदाला ४८,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास ३ बाइट अशी रीत ठेवली, तर एकमार्गी मुद्रणाचा एक तास ५१ कोटी ८४ लाख बाइट इतकी जागा घेतो. हजार तासांच्या संग्रहाची एक प्रत पाचशे गिगाबाइटांच्या पुढे जाते, आणि एकच प्रत ठेवणे म्हणजे न ठेवण्यासारखेच आहे. तेव्हा डिस्क जोडण्याचा प्रसंग अशा विभागात पुनःपुन्हा येणारच.

आरंभीच्या काळी मात्र डिस्क जोडण्याचा प्रश्नच नव्हता. आय.बी.एम. कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये ‘३०५ रॅमॅक’ हे यंत्र जाहीर केले. त्यातील डिस्कच्या कपाटात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एका उभ्या आसावर कायमच्या बसवलेल्या होत्या. तीत सहा बिटांचा एक याप्रमाणे ५० लाख वर्ण मावत, म्हणजे वर सांगितलेल्या रीतीचे जेमतेम २६ सेकंदांचे ध्वनिमुद्रण. त्या चकत्या काढता येत नसत. त्यामुळे ‘कोणती डिस्क?’ असे विचारण्याचे कारणही पडत नसे.

तो प्रश्न उत्पन्न झाला ऑक्टोबर १९६२ मध्ये. त्या महिन्यात त्याच कंपनीने ‘१३११’ हा डिस्क-चालक बाजारात आणला. त्यातील सहा चकत्यांचा गठ्ठा काढता-घालता येत असे. त्याचे वजन सुमारे दहा पौंड होते आणि त्यात २० लाख वर्ण राहत. आता चालक एक, आणि फळीवर मांडून ठेवलेले गठ्ठे अनेक. ज्याला ज्या वेळी जो गठ्ठा हवा तो ऑपरेटरने उचलून आणावयाचा आणि चालकाच्या आसावर चढवावयाचा. चुंबकीय फितीची रिळे चढवण्याचा रिवाज आधीपासून होताच. त्याच क्रियेचा शब्द गठ्ठ्यालाही लागू झाला. म्हणजे ‘माउंट’ हा प्रथम हमालीचा शब्द आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्या काळी जी क्रिया माणूस करी तिचेच नाव पुढे यंत्राने उचलले.

ह्या हमालीच्या वस्तूचे नाव ‘व्हॉल्यूम’ असे होते, आणि त्याचाही इतिहास मनोरंजक आहे. लॅटिनमधील ‘गुंडाळणे’ ह्या अर्थाच्या धातूपासून ‘व्हॉल्यूमेन’ म्हणजे गुंडाळी हा शब्द झाला. प्राचीन रोममधील ग्रंथ गुंडाळीच्या रूपात असत, म्हणून ग्रंथासही तेच नाव पडले. गुंडाळ्या जाऊन पाने शिवलेली पुस्तके आली तरी नाव राहिले. पुस्तकाच्या जाडीवरून आकारमान हा अर्थ आला. विसाव्या शतकात चुंबकीय फितीच्या रिळाला ‘व्हॉल्यूम’ म्हणू लागले तेव्हा शब्द सुमारे दोन हजार वर्षांनी पुन्हा खऱ्या गुंडाळीवर येऊन बसला! अर्थात् हे कोणी जाणूनबुजून केले नाही. तेथून तो चकत्यांच्या गठ्ठ्यावर गेला, म्हणजे गुंडाळी पुन्हा सुटली. मराठीत त्याला ‘खंड’ असा प्रतिशब्द आपण ग्रंथाच्या संदर्भात वापरतो. येथे तो चालवण्यास अडचण अशी की, ‘खंड पडणे’ हा आपला वाक्प्रचार साठवणीच्या बाबतीत अपशकुनासारखा वाटतो. असो.

१९६४ साली आय.बी.एम.ची ‘सिस्टिम ३६०’ ही यंत्रमालिका जाहीर झाली. तिच्यावर काम करणाऱ्याला आपल्या कामाच्या पत्रिकांत, आवश्यक ती सामग्री सूचीत नोंदलेली नसेल तर, चालकाचा प्रकार आणि ‘व्हॉल्यूम’चा सहा वर्णांपर्यंतचा क्रमांक लिहून द्यावा लागे. मग ऑपरेटरच्या मेजावरील टंकयंत्रावर ‘अमुक क्रमांकाचा गठ्ठा अमुक चालकावर चढवा’ असा निरोप उमटे. ह्या व्यवस्थेत वस्तूचे नाव सांगणे म्हणजे तिचा पत्ता सांगणे होते. गठ्ठा बदलला की पत्ता बदलला, आणि पत्ता बदलला की त्या सामग्रीचा उल्लेख करणाऱ्या सर्व पत्रिका दुरुस्त करणे आले.

युनिक्स-प्रणालीने ही गाठ सोडवली. बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये ‘मल्टिक्स’ ह्या मोठ्या प्रकल्पातून अंग काढून घेतल्यावर तेथील केन थॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी त्याच वर्षी एका लहान पीडीपी-७ यंत्रावर आपली स्वतःची प्रणाली रचण्यास आरंभ केला; फाइलींची वृक्षासारखी मांडणी ही कल्पना मल्टिक्सची. पुढे ती प्रणाली पीडीपी-११ वर गेली आणि ३ नोव्हेंबर १९७१ ह्या तारखेची तिची पहिली पुस्तिका निघाली. तीत ‘माउंट’ आणि तिचा व्यत्यास ‘अमाउंट’ ह्या दोन्ही क्रिया आहेत. (‘अमाउंट’च्या इंग्रजी वर्णलेखनात एक ‘एन’ गाळलेला आहे. फाइल निर्माण करण्याच्या क्रियेच्या नावातून असाच शेवटचा ‘ई’ गाळला होता. प्रणाली पुन्हा रचावयाची झाल्यास काय बदलाल असे विचारले असता, तो ‘ई’ घालीन, असे उत्तर थॉम्पसन ह्यांनी दिल्याचे प्रसिद्ध आहे.) प्रणालीच्या गाभ्याकडे करावयाच्या मागण्यांना क्रमांक असतात, त्या यादीत ‘माउंट’चा क्रमांक २१ व ‘अमाउंट’चा २२ होता. लिनक्सच्या ३२-बिट इंटेल यंत्रांवरील अवतारात हेच दोन क्रमांक त्याच दोन क्रियांना आहेत. ध्वनिपरिवर्तनातून वाचलेल्या एखाद्या संख्यावाचकासारखी ही गोष्ट आहे.

क्रियेचे स्वरूप रिची व थॉम्पसन ह्यांनी जुलै १९७४ च्या आपल्या लेखात स्पष्ट केले आहे. त्या वेळी त्यांच्याकडे पीडीपी-११/४५ यंत्र होते. त्याला १० लाख बाइटांची एक स्थिर डिस्क, प्रत्येकी २५ लाख बाइटांच्या सुट्या डिस्क घेणारे चार चालक, आणि ४ कोटी बाइटांचा गठ्ठा घेणारा एक मोठा चालक एवढा सरंजाम होता. वृक्षाचे मूळ स्थिर डिस्कवर असे. वापरणाऱ्यांच्या फाइली मोठ्या डिस्कवर असत व ती यंत्र सुरू होताना चढवली जाई. चार लहान चालक मात्र ज्याने त्याने आपापली डिस्क चढवण्यासाठी मोकळे ठेवलेले होते. चढवणे म्हणजे काय? तर वृक्षाचे एक पान काढून त्या जागी एक सबंध उपवृक्ष बसवणे, असे त्यांचे विवरण आहे. एकदा बसवला की मूळ वृक्ष कोठे संपतो आणि नवा कोठे सुरू होतो हे नावावरून कळत नाही. अपवाद एकच त्यांनी नोंदवला आहे : एका डिस्कवरील फाइलीला दुसऱ्या डिस्कवरून दुसरे नाव जोडता येत नाही.

कोकणातील वाचकाला ह्या वर्णनात आंब्याचे कलम दिसल्यावाचून राहणार नाही. खुंट एका झाडाचा, वरची फांदी दुसऱ्याची, आणि फळ तोडणाऱ्याला सांधा दिसत नाही. ‘माउंट’ला मराठी प्रतिशब्द ‘आरोहण’ असा संस्कृत शब्दकोशातून आणण्यापेक्षा ‘कलम करणे’ हा आपल्या बागेतला शब्द अधिक अर्थवाही ठरेल, असे आमचे मत आहे. ‘चढवणे’ ह्या शब्दात हमालाची क्रिया आहे. ‘कलम’ ह्या शब्दात त्या क्रियेचा परिणाम आहे.

ह्या दोन अर्थच्छटांतील अंतर त्या प्रणालीच्या पुस्तिकांतच दिसून येते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीची पुस्तिका ‘माउंट’ आज्ञेविषयी सांगते ते असे की, ही आज्ञा अमुक चालकावर सुटी डिस्क उपस्थित असल्याचे प्रणालीला घोषित करते. येथे कर्ता कोण हे पाहावे. डिस्क चढवली माणसाने. आज्ञा केवळ वर्दी देते. जे. एल्. ऑस्टिन ह्यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांचा आधार घेऊन म्हणावयाचे, तर पुस्तिकेच्या भाषेत ‘माउंट’ हे कथनवाक्य आहे : घडून गेलेल्या गोष्टीचे निवेदन. पुढे सुट्या डिस्क मागे पडल्या, डिस्क यंत्राच्या पोटात कायमच्या बसल्या, आणि निवेदन करण्याजोगी बाहेरची क्रियाच उरली नाही. तेव्हा तेच वाक्य कृतिवाक्य झाले. ‘चढवली आहे’ ह्याचे ‘चढवतो’ झाले, आणि उच्चारण्यातच चढवणे आले. वस्तुतः वर्दी देतानाही प्रणालीत वृक्ष जोडण्याचे कार्य घडतच होते. परंतु जो अर्थ गौण होता तो मुख्य झाला, आणि मुख्य होता तो लोपला. अर्थपरिवर्तनाचा हा प्रकार जुन्या भाषांच्या बाबतीत आपल्याला अनुमानाने सिद्ध करावा लागतो. येथे तो लेखी पुराव्याने मिळतो.

डिस्क भरण्याच्या एका जुन्या प्रसंगाचा व्रण आजवर प्रत्येक लिनक्स-यंत्रावर टिकून आहे. वापरणाऱ्यांची घरे, म्हणजे त्यांच्या फाइलींच्या डिरेक्टरी, ज्या दुसऱ्या डिस्कवर असत तिच्या कलमस्थानाचे नाव ‘यूएसआर’ असे होते. ‘यूझर’ ह्या शब्दातील एक स्वर गाळून ते बनले. प्रणालीचे कार्यक्रम मूळ डिस्कवर असत. ती डिस्क अपुरी पडू लागली तेव्हा न मावणारे कार्यक्रम वापरणाऱ्यांच्या डिस्कवर हलवले गेले; तेथे त्यांच्यासाठी पहिल्याच नावांच्या पोट-डिरेक्टरी झाल्या. कालांतराने वापरणाऱ्यांची घरे तेथून निघून अन्यत्र, बहुतेक यंत्रांवर ‘होम’ नावाच्या डिरेक्टरीत गेली, आणि ‘यूएसआर’मध्ये वापरणाऱ्याचे काहीच उरले नाही. पाहुण्यांनी ओसरी मागितली आणि घर घेतले, असा हा प्रकार झाला.

आता नाव आहे आणि त्याचे कारण नाहीसे झाले आहे, अशा वेळी भाषेत काय होते ते आपण जाणतोच. लोकव्युत्पत्ती पुढे येते. ‘यूएसआर’ म्हणजे ‘युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’, प्रणालीची साधनसामग्री, असा आद्याक्षरांचा विग्रह पुढे प्रचारात आला आणि तो अनेकांना मूळचाच वाटतो. हा विग्रह अनैतिहासिक आहे, हे खरे. परंतु तो मूर्खपणाचा नाही. डिरेक्टरीच्या वर्तमान आशयाशी तो जुळतो, किंबहुना मूळ व्युत्पत्तीपेक्षा अधिक जुळतो, म्हणूनच तो टिकला. कार्यक्रम दोन ठिकाणी का, ह्यालाही पुढे कारणे शोधण्यात आली : मूळ डिस्कवर केवळ आणीबाणीची साधने ठेवावी, इतर सर्व ‘यूएसआर’मध्ये, असा नियम सांगितला जाऊ लागला. जागेच्या टंचाईतून झालेल्या विभागणीला अशा रीतीने तत्त्वज्ञान प्राप्त झाले. अखेर मे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेडोरा १७’ ह्या लिनक्स-वितरणाने दोन्ही ठिकाणचे कार्यक्रम एकत्र केले, व इतर प्रमुख वितरणांनीही पुढे तोच मार्ग धरला. एकत्र केले ते मूळ ठिकाणी मात्र नव्हे, ‘यूएसआर’मध्येच.

‘माउंट’ आज्ञेचा परिणाम यंत्र बंद पडेपर्यंतच टिकतो. बोललेले वाक्य हवेत विरते, तसेच हे आहे. म्हणून प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना कोणत्या डिस्क कोठे चढवावयाच्या ह्याची लेखी नोंद आवश्यक झाली, आणि १९८० च्या बर्कली येथील चौथ्या आवृत्तीत ‘एफ्‌स्टॅब’ नावाची फाइल आली. लिनक्समध्ये तिच्या प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात : डिस्क, कलमस्थान, मांडणीचा प्रकार, अटी, आणि शेवटी दोन अंक. त्यांतील पहिला अंक फितीवर प्रत उतरवणाऱ्या एका जुन्या कार्यक्रमासाठी आहे. तो कार्यक्रम आज क्वचितच कोणी वापरतो. तरी रकाना आहे आणि त्यात बहुतेक जण न विचारता शून्य लिहितात. आपल्या लेखनातही अनुच्चारित अनुस्वार कितीतरी वर्षे असाच लिहिला जात होता.

वैयक्तिक संगणकांच्या दुसऱ्या परंपरेविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. तेथे एक वृक्ष नव्हता. प्रत्येक चालकाला रोमन लिपीतील एक अक्षर होते. पहिली दोन अक्षरे लवचिक चकत्यांना गेलेली असल्यामुळे, मार्च १९८३ मध्ये आय.बी.एम.च्या पीसी-एक्स्‌टी संगणकाबरोबर एक कोटी बाइटांची स्थिर डिस्क आली तिला ‘सी’ हे अक्षर मिळाले. लवचिक चकत्या नाहीशा झाल्या, पण विंडोज-प्रणालीत आजही पहिली डिस्क ‘सी’च आहे. त्याच काळच्या डॉस-प्रणालीने डिस्कच्या वाटण्यांची पद्धत रूढ केली. डिस्कच्या आरंभी एक तक्ता असे व त्यात चारच मुख्य वाटण्यांना जागा असे. (‘पार्टिशन’ला ‘फाळणी’ म्हणू नये, एका घरातील जमिनीची होते ती ‘वाटणी’.) त्या तक्त्यात स्थान लिहिण्यास ३२ बिट दिलेले असल्यामुळे, ५१२ बाइटांचा एक तुकडा धरता, २,१९९,०२३,२५५,५५२ बाइटांच्या पुढची जागा त्याला दाखवताच येत नाही. डिस्क त्याहून मोठ्या निघू लागल्या तेव्हा ६४ बिटांचा ‘जीपीटी’ हा नवा तक्ता सार्वत्रिक झाला. आजही जुन्या तक्त्याने मोठी डिस्क वाटली तर उरलेली जागा नाव नसल्यामुळे नसल्यासारखी होते.

नाव व स्थान ह्यांच्या फारकतीतील पुढची मोठी पायरी ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ ही होय. आय.बी.एम.च्या एआयएक्स-प्रणालीत १९९० मध्ये ती प्रचारात आली. लिनक्ससाठी हाइन्झ मॉवेल्सहागेन ह्यांनी १९९८ मध्ये एचपी-यूएक्स प्रणालीच्या धर्तीवर ती रचली. तिची कल्पना अशी : प्रत्येक डिस्कचे सारखे लहान तुकडे पाडावयाचे, सहसा ४ मेबीबाइटांचा एक, सर्व डिस्कचे तुकडे एका सामाईक राशीत टाकावयाचे, आणि त्या राशीतून हवे तितके तुकडे घेऊन एक मानीव डिस्क तयार करावयाची. जागा संपली की नवी डिस्क राशीत घालावी, मानीव डिस्कला आणखी तुकडे द्यावे, आणि तिच्यावरील फाइल-मांडणी ताणून मोठी करावी. पूर्वीच्या पद्धतीत नवी डिस्क म्हणजे वृक्षाची नवी फांदी होती. येथे जुनीच फांदी जाड होते. नवे नाव द्यावेच लागत नाही. ‘व्हॉल्यूम’ हा शब्द मात्र येथे सर्वस्वी निराकार झाला : ना गुंडाळी, ना ग्रंथ, ना रीळ, ना गठ्ठा.

ह्या सोयीची किंमत पुष्कळदा सांगितली जात नाही. तीन डिस्कवर पसरलेल्या मानीव डिस्कपैकी एक खरी डिस्क बिघडली, आणि प्रतीची निराळी व्यवस्था केलेली नसली, तर उरलेल्या दोन धड असूनही त्यांवरील मांडणी निकामी होते. कोणती फाइल कोणत्या डिस्कवर आहे हे कळू नये हाच ज्या रचनेचा गुण, तिच्यात नुकसान कोठवर गेले हेही कळत नाही. संग्रहासाठी ही रचना वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु डिस्क वाढवणे आणि प्रत ठेवणे ही दोन कामे आहेत, व पहिल्याने दुसरे साधत नाही. शिवाय सर्व मांडण्या सारख्या नाहीत. ‘एक्स्टी-४’ ही वाढवताही येते व बंद ठेवून लहानही करता येते. ‘एक्स्‌एफ्‌एस्’ वाढवता येते, पण तिला लहान करण्याची आशा धरू नये.

इकडे खऱ्या डिस्कच्या नावांतही गोंधळ माजला होता. जुन्या लिनक्समध्ये ‘एचडीए’, ‘एचडीबी’ ही नावे केबलवरील जागेवरून पडत; त्यामुळे नाव म्हणजे जागा हे समीकरण निदान खरे असे. २००६-०७ च्या सुमारास बहुतेक डिस्क ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा नावांखाली आल्या, आणि ही नावे यंत्र सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने मिळतात. ‘एसडीबी’ म्हणजे ‘दुसरी सापडलेली’. ते विशेषनाम नव्हे. ‘तो’, ‘पलीकडचा’ ह्यांसारखा तो दर्शक शब्द आहे, आणि दर्शकाचा अर्थ प्रसंगाप्रमाणे बदलतो. नवी डिस्क जोडल्यावर कालची ‘एसडीबी’ आज ‘एसडीसी’ असू शकते. जो मनुष्य कालच्या आठवणीने ‘एसडीबी’वर नवी मांडणी रचण्याची आज्ञा देईल, त्याचा भरलेला संग्रह क्षणात पुसला जाईल. म्हणून आता एफ्‌स्टॅबच्या पहिल्या रकान्यात १२८ बिटांचे, ३२ षोडशमानी अंकांनी लिहावयाचे ‘यूयूआयडी’ हे नाव देतात. मांडणी रचतानाच ते तिच्यात लिहिले जाते व डिस्क कोठेही नेली तरी तिच्याबरोबर जाते. हे खरे विशेषनाम होय. मात्र डिस्कची हुबेहूब प्रत केली तर प्रतीलाही तेच नाव लागते. एक्स्‌एफ्‌एस् मांडणी अशा वेळी त्याच नावाची दुसरी डिस्क चढवण्यास नकार देते, आणि तो नकार योग्यच म्हटला पाहिजे.

आजचा क्रम आता सहज समजेल. प्रथम ‘एल्‌एस्‌बीएल्‌के’ ही आज्ञा देऊन नवी डिस्क दिसते की नाही व तिचा आकार जुळतो की नाही हे पाहावे. आभासी यंत्राला चालू स्थितीत डिस्क जोडली असता ती पुष्कळदा दिसत नाही. तेव्हा प्रणालीच्या ‘स्कॅन’ नावाच्या एका विशेष फाइलीत तीन आडव्या रेघा लिहून शोध घ्यावयास लावतात. त्या रेघांचा अर्थ ‘कोणताही मार्ग, कोणतेही लक्ष्य, कोणताही उपक्रमांक’ असा आहे. पुढे वाटणी, मग मांडणी, मग कलमस्थानासाठी एक रिकामी डिरेक्टरी, आणि मग ‘माउंट’. शेवटी ‘बीएल्‌केआयडी’ ह्या आज्ञेने यूयूआयडी पाहून एफ्‌स्टॅबमध्ये ओळ लिहावी, आणि यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘माउंट’ला त्या नोंदीप्रमाणे सर्व चढवण्यास सांगून तपासणी करावी. ओळ चुकली असली व ‘नसली तरी चालेल’ अशी अट तीत घातलेली नसली, तर यंत्र सुरू होताना आणीबाणीच्या अवस्थेत अडकून बसते.

परंतु ओळ चुकण्यापेक्षा ती न लिहिणे अधिक घातक ठरते. समजा, एका बोलीसंग्रहाची मुद्रणे नव्या डिस्कवर ठेवली, ‘माउंट’ केले, पण नोंद केली नाही. चार महिन्यांनी वीज जाते. यंत्र बिनतक्रार सुरू होते. संग्रहाची डिरेक्टरी आहे, पण रिकामी. विभागात हाहाकार उडतो. कोणी क्षेत्रकार्यातून आणलेली नवी मुद्रणे त्याच डिरेक्टरीत घालतो. ती आता मूळ डिस्कवर साचू लागतात. पुढे जाणकार येऊन डिस्क चढवतो, जुनी मुद्रणे परत दिसतात, आणि त्याच क्षणी नवी अदृश्य होतात, कारण कलमाखाली झाकलेली सामग्री नावाने गाठता येत नाही. नष्ट काहीच झालेले नाही. नाव तेच आहे, त्याचा वाच्यार्थ दोनदा बदलला, आणि बदलल्याची खूण नावात कोठेही नाही. सांधा दिसू नये हा १९७१ चा गुण येथे दोषासारखा भासतो. ह्यावर एक सोपा उपाय अनुभवी मंडळी करतात : डिस्क चढवण्यापूर्वी रिक्त कलमस्थानावर लिहिण्यास बंदी घालून ठेवावी, म्हणजे डिस्क नसताना तेथे काही साचणार नाही.

क्लाउड-सेवांनी ह्या परिभाषेत आणखी एक क्रियापद आणले. अॅमेझॉनने ऑगस्ट २००८ मध्ये ‘इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर’ ही सेवा सुरू केली. तीत डिस्क विकत घ्यावी लागत नाही. मागितली की मिळते. तिलाही ‘व्हॉल्यूम’च म्हणतात. ती यंत्राशी ‘अटॅच’ करावयाची, म्हणजे जोडावयाची, आणि मग यंत्रात शिरून ‘माउंट’ करावयाची. जुन्या ऑपरेटरची एक क्रिया येथे दोन शब्दांत विभागली गेली : त्याच्या हातांचे काम ‘अटॅच’कडे गेले व वर्दी देण्याचे काम ‘माउंट’कडे राहिले. जोडताना आपण तिला ‘एसडीएफ’ म्हणावे तर यंत्राच्या आत ती ‘एक्स्‌व्हीडीएफ’ किंवा ‘एन्‌व्हीएम्‌ई’ने आरंभ होणाऱ्या भलत्याच नावाने दिसते, तेथेही अखेर यूयूआयडीचाच आश्रय घ्यावा लागतो.

डिस्क काढताना क्रम उलटा : आधी ‘अमाउंट’, मग सुटका. त्या डिरेक्टरीत कोणी उभा असेल किंवा तेथील एखादी फाइल उघडी असेल तोवर प्रणाली ‘स्थान व्यग्र आहे’ असे सांगून नकार देते. ह्या दोन क्रियांचे जुने क्रमांक ६४-बिट इंटेल यंत्रांवर राहिले नाहीत. तेथे ते १६५ व १६६ झाले. जुलै २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स ५.२ ने त्यांच्याशेजारी ४२८ ते ४३३ ह्या क्रमांकांच्या नव्या मागण्यांचा एक संच आणला, आणि त्यात ‘माउंट’ ही एक क्रिया पायऱ्यापायऱ्यांनी सोडवून मांडलेली आहे. मांडणी उघडणे निराळे, अटी सांगणे निराळे, चढवलेला उपवृक्ष तयार करणे निराळे, आणि तो वृक्षात एखाद्या ठिकाणी नेऊन बसवणे हे आणखी निराळे. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या दरम्यान तो उपवृक्ष पुरता चढवलेला असतो, पण कोठे, ह्या प्रश्नाला उत्तर नसते. त्याला अद्याप नाव मिळालेले नसते.